हातात हर्ली, दप्तरात पुस्तके

डब्लिन शहरातल्या क्रोक पार्क या मैदानावर ८२,३०० माणसे बसू शकतात. युरोपातल्या मोठ्या मैदानांत त्याची गणना होते. १७ मार्च २०२२ रोजी, सेंट पॅट्रिकच्या सणाच्या दिवशी, या मैदानावर दोन शाळा एकमेकींसमोर उभ्या राहिल्या. एक लिमरिकची आर्डस्कॉल रीश आणि दुसरी किलकेनीची सेंट किअरन्स कॉलेज. खेळ होता हर्लिंग आणि डाव होता डॉ. क्रोक कपचा, म्हणजे अखिल आयर्लंड शालेय अजिंक्यपदाचा. खेळणारी मुले सतरा-अठरा वर्षांची. त्यांपैकी बऱ्याच जणांची शाळा सोडण्याची परीक्षा पुढे जूनमध्ये होती. एवढे प्रचंड मैदान शाळांच्या सामन्याला भरत नाही, भरण्याची अपेक्षाही नसते. पण देशातले सर्वांत मानाचे मैदान, राष्ट्रीय सणाचा दिवस आणि दूरचित्रवाणीचे थेट प्रक्षेपण, एवढे सगळे तो देश शाळकरी पोरांच्या हाती देतो, ही गोष्ट मला त्या सामन्याच्या निकालाहून मोठी वाटते.

निकाल सांगून टाकतो. आर्डस्कॉल रीश जिंकली. हा कप तिने पहिल्यांदाच जिंकला. यापूर्वीही ती अंतिम फेरीपर्यंत पोचली होती आणि समोर हीच किलकेनीची शाळा उभी राहून तिला रिकाम्या हाताने परत पाठवत आली होती. २०१६ सालचा पराभव तर शाळेतल्या धाकट्या पोरांनाही पाठ होता.

आता हा खेळ कसा असतो ते सांगायला हवे, कारण आपल्याकडे हर्लिंग म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर काहीच येत नाही. माझ्याही येत नव्हते. मुलगी नोकरीनिमित्त लिमरिकला राहते म्हणून एक हिवाळा मी तिथे काढला, आणि पावसात, चिखलात, हाडे गोठवणाऱ्या वाऱ्यात मैदानाच्या कडेला उभा राहून हा खेळ शिकलो. हॉकी, विटीदांडू, फुटबॉल आणि थोडी मारामारी एकत्र कालवली तर जे होईल तसे काहीतरी हे पहिल्या दहा मिनिटांत वाटते. नंतर त्यातली शिस्त दिसू लागते.

मैदान १३० ते १४५ मीटर लांब, म्हणजे फुटबॉलच्या मैदानाहून बरेच मोठे. प्रत्येक बाजूला पंधरा खेळाडू. प्रत्येकाच्या हातात अ‍ॅश झाडाच्या लाकडाची काठी, खाली पसरट होत गेलेली, भातवाढीचा डाव मोठा करावा तशी. तिला इंग्रजीत हर्ली म्हणतात आणि आयरिश भाषेत कमान. हा शब्द आपल्या कानाला ओळखीचा वाटतो, पण अर्थाचा काही संबंध नाही. चेंडू चामड्याचा, वर उठलेल्या शिवणीचा, वजन ११० ते १२० ग्रॅम, क्रिकेटच्या चेंडूपेक्षा हलका. जमिनीवरचा चेंडू हाताने उचलायचा नाही, काठीनेच वर घ्यायचा. हातात धरून चार पावलांपेक्षा जास्त चालायचे नाही. मात्र काठीच्या पसरट टोकावर चेंडू तोलत कितीही पळता येते, आणि पळताना तीन जण अंगावर येतात. गोलाचे खांब इंग्रजी एच अक्षरासारखे. आडव्या दांड्याखालून जाळीत गेला तर गोल, त्याचे तीन गुण. दांड्यावरून खांबांच्या मधून गेला तर एक गुण. धावफलकावर २-१४ लिहिले असेल तर दोन गोल आणि चौदा सुटे गुण, एकूण वीस. साठ-सत्तर मीटरवरून, पळता पळता, अंगावर माणूस असताना चेंडू हवेत उडवून तो दांड्यावरून नेमका काढणारा सतरा वर्षांचा पोरगा पाहिला की विटीदांडूत विटी कौलावर गेल्याचा आपला जुना अभिमान जरा खाली उतरतो.

डोक्यावर शिरस्त्राण सक्तीचे झाले ते सर्व वयोगटांसाठी २०१० सालापासून. त्याआधी मोठी माणसे उघड्या डोक्याने खेळत आणि वेड्यावाकड्या झालेल्या बोटांकडे कौतुकाने पाहत. आता आया निदान अर्ध्या धसक्याने सामना बघतात.

हा खेळ किती जुना, याचे उत्तर आयरिश माणूस पुराणापासून देतो. सेतांता नावाचा पोरगा काठी आणि चेंडू खेळत खेळत वाटेने निघाला होता. कुलन नावाच्या लोहाराचा राखणीचा भयंकर कुत्रा त्याच्यावर धावून आला आणि पोराने तोच चेंडू काठीने त्याच्या घशात मारला. कुत्र्याच्या जागी राखण करायचे त्याने कबूल केले आणि त्याचे नाव पडले कू हुलन, म्हणजे कुलनचा कुत्रा. आयरिश पुराणातला हा सर्वांत मोठा वीर. चेंडूच्या खेळातून वीरचरित्र सुरू होण्याची गोष्ट कालियामर्दन ऐकत वाढलेल्या आपल्या वाचकांना परकी वाटू नये. लिखित पुरावाही जुना आहे. १३६६ साली इंग्रजी सत्तेने किलकेनी इथे जे कायदे केले, त्यांत आयर्लंडमधल्या इंग्रज वसाहतकऱ्यांनी हर्लिंग खेळू नये अशी बंदी होती. ज्यांनी स्थानिकांवर राज्य करायचे तेच त्यांच्या खेळात रमू लागले, ही काळजी त्यामागे होती. गंमत अशी की ज्या किलकेनीत ही बंदी लिहिली गेली, त्याच किलकेनी परगण्याने प्रौढांचे अखिल आयर्लंड अजिंक्यपद सर्वाधिक वेळा, म्हणजे ३६ वेळा, जिंकले आहे.

एकोणिसाव्या शतकात मात्र हा खेळ मरायला टेकला होता. १८४५ नंतरच्या बटाट्याच्या दुष्काळाने गावेच्या गावे रिकामी झाली, आणि जी माणसे उरली त्यांच्यातल्या शिकलेल्यांना क्रिकेट आणि रग्बी जवळचे वाटू लागले. १ नोव्हेंबर १८८४ रोजी थर्लस गावातल्या हेज हॉटेलात काही मोजकी माणसे जमली आणि त्यांनी गेलिक अ‍ॅथलेटिक असोसिएशन स्थापन केली. तिचा खरा चालक मायकेल क्युसॅक हा पेशाने शिक्षक. विद्यार्थ्यांना सरकारी नोकऱ्यांच्या परीक्षांसाठी तयार करणारी शिकवणी तो डब्लिनमध्ये चालवत होता. शिकवणीच्या मास्तराने देशाचा खेळ वाचवावा, याची नोंद आपल्या शहरांतल्या क्लासवाल्यांनी घ्यायला हरकत नाही. कॅशेलचे आर्चबिशप थॉमस क्रोक हे संस्थेचे पहिले आश्रयदाते. मैदानालाही त्यांचे नाव, शालेय कपालाही त्यांचे नाव.

या मैदानाच्या मातीत रक्तही आहे. २१ नोव्हेंबर १९२० रोजी फुटबॉलचा सामना चालू असताना ब्रिटिश दलांनी गोळीबार केला आणि चौदा माणसे मेली. त्यांत टिपेरारीचा खेळाडू मायकेल होगन होता. मैदानातल्या एका मोठ्या प्रेक्षकसज्जाला त्याचे नाव दिले आहे. अशा इतिहासामुळे खेळाला देशभक्तीची एक कडवी धार आली. या संस्थेच्या सभासदांनी क्रिकेट, रग्बी, फुटबॉल असे ‘परके’ खेळ खेळू नयेत, पाहूही नयेत, हा नियम १९७१ पर्यंत टिकला. माझ्या मते तो नियम खुळचट होता, आणि तो गेला हे बरेच झाले. आर्डस्कॉल रीश याच शाळेने पॉल ओकॉनेलसारखा आयर्लंडच्या रग्बी संघाचा कर्णधार दिला, आणि त्यामुळे तिच्या हर्लिंगचे काही बिघडले नाही.

शाळांच्या हंगामाची चाल आपल्याला समजून घेण्यासारखी आहे. देशाचे चार प्रांत. प्रत्येकाची आपापली शालेय स्पर्धा असते. दक्षिणेकडच्या मन्स्टर प्रांताची स्पर्धा म्हणजे हार्टी कप. तो १९१८ साली सुरू झाला. कॅशेलच्याच जॉन हार्टी या आर्चबिशपांच्या नावाचा हा कप मन्स्टरमध्ये क्रोक कपाइतकाच, काहींच्या मते त्याहून अधिक, मानाचा समजतात. उन्हाळ्याची सुट्टी संपून शाळा सुरू झाल्या की शरद ऋतूत गटातले सामने लागतात. ख्रिसमसनंतर बाद फेरी सुरू होते आणि फेब्रुवारीच्या सुमारास प्रांताचा विजेता ठरतो. मग प्रांताप्रांतांतले संघ एकमेकांशी भिडतात आणि मार्चमध्ये अंतिम सामना. म्हणजे प्रौढांचा हर्लिंग उन्हाळ्यातल्या कोरड्या, वेगवान मैदानांवर, आणि पोरांचा हर्लिंग पावसाळी अंधारात, जड चिखलात. दुपारी साडेचारला दिवे लावावे लागतील असा उजेड. सामना शाळेच्या दिवशी दुपारी असतो, बसमधून आलेली पोरे घसा फोडून शाळेच्या आरोळ्या देतात, आणि कुंपणाला टेकून उभे राहिलेले आजोबा प्रत्येक खेळाडूचा बाप कसा खेळायचा हे शेजाऱ्याला सांगत असतात. मी पाहिलेल्या एका सामन्यात माझ्या शेजारी उभ्या असलेल्या गृहस्थांनी पहिल्या वीस मिनिटांत मला चार कुळांचा इतिहास सांगितला. खेळाकडे त्यांचे लक्ष नव्हते असे मात्र मुळीच नाही.

२०२१-२२ चा हंगाम नेहमीसारखा नव्हता. मार्च २०२० मध्ये कोविडमुळे शाळा बंद झाल्या, त्या १२ मार्चच्या संध्याकाळपासून, म्हणजे सेंट पॅट्रिकच्या सणाला अवघे पाच दिवस उरले असताना. मैदानेही त्याच दिवशी बंद झाली. पुढच्या शैक्षणिक वर्षात या स्पर्धा झाल्याच नाहीत. मोठ्यांचे सामने रिकाम्या मैदानांत का होईना, खेळवले गेले. त्यांना पुढचे वर्ष असते. शाळेच्या शेवटच्या वर्गातल्या पोराला पुढचे वर्ष नसते. पाच-सहा वर्षे ज्या जर्सीची वाट पाहिली ती अंगावर न चढताच शाळा संपली, अशी एक अख्खी तुकडी त्या देशात आहे. कोविडच्या मोठ्या दुःखांपुढे हे दुःख लहान, हे मान्य. पण ज्या घरात तो पोरगा आहे त्या घरात ते लहान नसते.

म्हणून २०२१ च्या शरदात जेव्हा गटातले सामने पुन्हा लागले तेव्हा त्याला वेगळीच गोडी होती. मन्स्टरच्या अंतिम सामन्यात आर्डस्कॉल रीशसमोर आली टुल्ला गावची सेंट जोसेफ्स शाळा. टुल्ला हे क्लेअर परगण्याच्या पूर्व भागातले एक छोटे गाव, आणि हार्टी कपाच्या अंतिम फेरीत त्यांची शाळा पहिल्यांदाच पोचली होती. जुन्या नावाजलेल्या शाळांच्या यादीत असे एखादे खेडे शिरले की आयर्लंडभरचे लोक मनातून त्याच्या बाजूचे होतात. गुंतागुंत अशी की लिमरिक शहर क्लेअरच्या सीमेला लागून आहे आणि सीमेपलीकडच्या क्लेअरच्या गावांतली मुलेही आर्डस्कॉल रीशमध्ये शिकायला येतात. त्यामुळे शाळा लिमरिकची, पण काही पोरे क्लेअरची. फेब्रुवारीत एकमेकांना काठीने कोपरखळ्या देणारी हीच पोरे उन्हाळ्यात एका जर्सीत, आणि ज्यांच्या खांद्याला खांदा लावून कप जिंकला ते वर्गमित्र समोरच्या जर्सीत. टुल्ला हरले. गावाचे काही बिघडले नाही, उलट गाव पहिल्यांदा नकाशावर आले.

शाळांच्या या स्पर्धांना एवढे महत्त्व का, याचे एक रोखठोक उत्तर आहे. शाळेत जे पेरले जाते ते परगण्यात उगवते, आणि किती वर्षांनी उगवते याचा हिशेबही साधारण मांडता येतो. लिमरिकचेच पाहा. १९६४ ते १९६७ अशी सलग चार वर्षे हार्टी कप शहरातल्या सेक्स्टन स्ट्रीटवरच्या ख्रिश्चन ब्रदर्सच्या शाळेने जिंकला. इमन क्रेगन त्या पोरांपैकी एक. १९७३ साली लिमरिकने प्रौढांचे अजिंक्यपद जिंकले, अंतिम सामन्यात किलकेनीला हरवून, आणि क्रेगन त्या संघात होता. त्यानंतर लिमरिकच्या वाट्याला तब्बल पंचेचाळीस वर्षांचा दुष्काळ आला. २०१० साली आर्डस्कॉल रीशने पहिल्यांदा हार्टी कप जिंकला, २०११ मध्ये पुन्हा. त्या संघांत डेक्लन हॅनन नावाचा अडेर गावचा मुलगा होता. २०१८ साली लिमरिकने पंचेचाळीस वर्षांनी अजिंक्यपद जिंकले तेव्हा कर्णधार तोच हॅनन. त्याच शाळेचा, काही वर्षे मागचा किअन लिंच हा त्या संघाचा सूत्रधार. पुढे २०२० ते २०२३ सलग चार वर्षे अजिंक्यपद लिमरिककडेच राहिले.

क्लेअरचीही कथा अशीच. एनिस गावच्या सेंट फ्लॅनन्स कॉलेजने हार्टी कप सर्वांत जास्त वेळा जिंकला आहे. १९८०च्या दशकाच्या अखेरीस आणि त्यानंतर लगेच तिचा जोर जबर होता. १९९५ साली क्लेअर परगणा १९१४ नंतर पहिल्यांदा अजिंक्य झाला. म्हणजे एक्क्याऐंशी वर्षांनी. त्या संघाचे प्रशिक्षक गेर लॉक्नन याच शाळेचे माजी विद्यार्थी आणि पेशाने प्राथमिक शिक्षक. तिकडे किलकेनीची सेंट किअरन्स १७८२ सालची शाळा. हेन्री शेफलिनसारखा दहा अजिंक्यपदे जिंकलेला खेळाडू तिथला. ब्रायन कोडीही तिथलेच. चोवीस हंगाम किलकेनीचे प्रशिक्षक, अकरा अजिंक्यपदे, आणि उपजीविका प्राथमिक शाळेतल्या मास्तरकीची. ही यादी वाढवता येईल. जॅक लिंच हे दोनदा आयर्लंडचे पंतप्रधान झाले. त्यांनी कॉर्कच्या नॉर्थ मॉनेस्टरी शाळेकडून हार्टी कप जिंकला होता, आणि पुढे १९४१ ते १९४६ ओळीने सहा अजिंक्यपदे, पाच हर्लिंगची व एक फुटबॉलचे.

या यादीत मास्तर किती आहेत हे लक्षात आले असेलच. या खेळात पैसा नाही. ८२ हजारांसमोर खेळणाऱ्यालाही पगार मिळत नाही, प्रवासखर्च आणि किरकोळ अनुदान तेवढे. रविवारी अंतिम सामना खेळलेला माणूस मंगळवारी-बुधवारी आपल्या कामावर हजर होतो. ते काम पुष्कळदा शाळेतलेच असते. खेळाडूंचा लिलाव नाही, विक्री नाही, ज्या गावाचा तो त्याच गावाकडून खेळणार. त्यामुळे शाळेत हर्ली हाती घेणाऱ्या पोराच्या बापाच्या डोळ्यांसमोर कोट्यवधींचा करार नसतो. आपल्याकडे क्रिकेटच्या शिबिरात पोराला घालणाऱ्या किती पालकांच्या डोळ्यांसमोर तो नसतो, हे ज्याने त्याने ठरवावे.

आता काळी बाजू. ती टाळून हा लेख पुढे नेणे अप्रामाणिक ठरेल. आर्डस्कॉल रीश या आयरिश शब्दांचा अर्थ ‘राइस हायस्कूल’. हे राइस म्हणजे एडमंड इग्नेशियस राइस. त्यांनी १८०२ साली वॉटरफर्डमध्ये गरिबांच्या मुलांसाठी शाळा काढली आणि त्यातून ख्रिश्चन ब्रदर्स हा पंथ उभा राहिला. कोलकाता, दिल्ली, शिलाँग आणि आपल्या गोव्यापर्यंत त्यांच्या शाळा आल्या. आयर्लंडमध्ये हर्लिंग टिकवण्याचे मोठे काम या ब्रदर्सनी केले, यात शंका नाही. पण सरकारने नेमलेल्या चौकशी आयोगाचा जो अहवाल मे २००९ मध्ये बाहेर आला, त्यात या पंथाच्या आणि इतर धर्मसंस्थांच्या निवासी संस्थांत दशकानुदशके मुलांवर झालेल्या अत्याचारांची नोंद आहे. वाचताना हात थरथरतात. त्या संस्थांपैकी एक डब्लिनमधली आर्टेनची औद्योगिक शाळा. ती १९६९ साली बंद झाली. क्रोक पार्कवर मोठ्या सामन्यांआधी जो बँड वाजवत खेळाडूंना मैदानाभोवती नेतो, तो मूळचा याच आर्टेनच्या मुलांचा. बँड आजही वाजतो, त्यात आता मुलीही असतात, आणि स्टँडमध्ये बसलेल्या काही म्हाताऱ्या माणसांना तो ऐकवत नाही. हे सारे एकाच मैदानावर असते. शाळांतून ब्रदर्स आता जवळपास दिसेनासे झाले आहेत. संघ तयार करतात ते साधे पगारी शिक्षक-शिक्षिका, शाळा सुटल्यावर, वेगळ्या मोबदल्याशिवाय.

मुलींचा उल्लेख आला म्हणून सांगतो. मुलींच्या हर्लिंगला कॅमोगी म्हणतात. त्यांची संघटना १९०४ पासूनची, त्यांच्याही शालेय स्पर्धा. खेळ तोच, काठी तीच, धक्काबुक्कीही फारशी कमी नाही. पण या मुलींना घागरीसारखा ‘स्कॉर्ट’ घालूनच खेळण्याची सक्ती होती. खेळाडूंनी बराच आरडाओरडा केल्यावर मे २०२५ मध्ये संघटनेने हाफपँटची मुभा दिली. शंभराहून जास्त वर्षे लागली!

आता आपल्या घरातला विषय. आयर्लंडमध्ये शाळा संपताना लीव्हिंग सर्टिफिकेट ही परीक्षा असते आणि विद्यापीठाचा प्रवेश त्या गुणांवर ठरतो. कमाल गुण ६२५. वैद्यकीय किंवा तत्सम शाखेला जायचे तर एकेका गुणासाठी झुंज, आपल्यासारखीच. शिकवण्या तिथेही आहेत, रडारड तिथेही आहे. तरीसुद्धा शाळेच्या शेवटच्या वर्षात, परीक्षेला तीन महिने उरले असताना, पोरगा चिखलात हर्लिंग खेळतो आणि घरचे त्याला नेऊन सोडतात. त्यासाठी त्याला प्रवेशाचा एकही जादा गुण मिळत नाही. काही विद्यापीठे क्रीडा शिष्यवृत्त्या देतात, पण त्या मूठभरांना. आपल्याकडे खेळाडूंना दहावी-बारावीला सवलतीचे गुण आहेत, आणि तरी दहावीचे वर्ष लागले की बॅट माळ्यावर जाते. कित्येक घरांत ती पुन्हा खाली येत नाही. गुण देऊनही खेळ बंद आणि गुण न देताही खेळ चालू, हे कोडे मला त्या हिवाळ्यात सारखे सतावत होते.

एका उत्तराचा भाग त्यांच्या शाळेच्या रचनेत आहे. मधल्या एका वर्षाला ते ट्रान्झिशन इयर म्हणतात. आपल्या दहावीसारख्या परीक्षेनंतरचे हे वर्ष. त्यात मोठी परीक्षा नाही. मुले कुठे काम करून बघतात, नाटक करतात, गिर्यारोहण करतात, खेळतात. १९७४ पासून हे चालू आहे आणि बहुतेक शाळांत ते घेता येते. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला एक वर्ष परीक्षेविना देणे आपल्या पालकांना ‘वर्ष फुकट घालवणे’ वाटेल. मलाही प्रथम तसेच वाटले, कारण आपण सारे त्याच घाण्यातून निघालो आहोत. पण तिथल्या पालकांशी बोलताना त्या वर्षाबद्दल तक्रार अशी माझ्या कानावर आली नाही. तक्रार आली ती सहलींच्या खर्चाबद्दल.

दुसरा भाग रचनेत नाही, गावात आहे. पोरगा शाळेच्या संघात आहे म्हणजे तो गावाचा कोणीतरी आहे. दुकानदार त्याला नावाने हाक मारतो, सामन्याबद्दल विचारतो, शेतकरी रस्त्यात थांबवून त्याची चूक सांगतो. परीक्षेत कमी गुण पडले तरी हे नाते तुटत नाही. आपल्याकडे सतराव्या वर्षी मुलाची ओळख एका आकड्यात मावते. शेजारी विचारतात तो आकडाच.

याचा अर्थ तिथे सगळे आलबेल आहे असा नव्हे. एकच हुशार पोरगा फेब्रुवारीत शाळेसाठी, क्लबसाठी आणि परगण्यासाठी खेळत असतो. प्रत्येक प्रशिक्षकाला तो आपल्याकडेच पूर्ण हवा असतो. अठराव्या वर्षी मांडीचे स्नायू आणि कंबर गेलेली मुले तिथे आहेत. याच ओढाताणीवर उपाय म्हणून परगण्यांच्या स्पर्धेतला कुमार गट २०१८ पासून अठराऐवजी सतरा वर्षांखालचा करण्यात आला. परीक्षेच्या वर्षातले पोरगे निदान एका ओझ्यातून सुटावे, हा त्यामागचा एक हेतू. तो पुरेसा नाही, असे म्हणणारे शिक्षक तिथे पुष्कळ आहेत आणि मला त्यांचे पटते. शिवाय आणखी एक चिंता सध्या गावागावांतल्या हर्ली बनवणाऱ्यांच्या कारखान्यांत बोलली जाते. हर्ली घडते ती अ‍ॅशच्या बुंध्याच्या अगदी खालच्या भागातून, जिथे लाकडाची रेषा मुळांकडे वळते, म्हणून तिच्या पसरट टोकाला तो नैसर्गिक बाक येतो. २०१२ साली आयर्लंडमध्ये या झाडांवर एक बुरशीचा रोग आढळला आणि तेव्हापासून झाडे शेंड्याकडून वाळत चालली आहेत. आता बांबूच्या हर्ली निघाल्या आहेत. जुने लोक त्या हातात घेऊन एकदा फिरवतात आणि काही न बोलता परत देतात. पोरांना मात्र त्या चालतात.

२०२२ सालच्या त्या मार्चनंतरचे सांगायचे राहिले. सणाच्या दुसऱ्या दिवशी, १८ मार्चला, कोविडमध्ये गेलेल्यांच्या स्मरणार्थ सरकारने एक जादा सुटी दिली होती, त्यामुळे कप घेऊन आलेल्या पोरांना झोप तरी मिळाली. ८ जूनला लीव्हिंग सर्टिफिकेटची परीक्षा सुरू झाली. १७ जुलैला त्याच क्रोक पार्कवर प्रौढांचा अंतिम सामना झाला, पुन्हा लिमरिक आणि किलकेनी यांच्यातच. या वेळी मैदान खच्चून भरलेले. लिमरिकने तो १-३१ विरुद्ध २-२६ असा अवघ्या दोन गुणांनी जिंकला. किलकेनीचे प्रशिक्षक म्हणून ब्रायन कोडींचा तो शेवटचा सामना ठरला.

शरदात शाळांचे नवे वेळापत्रक लागले. मार्च २०२३ मध्ये क्रोक कप सेंट किअरन्सने किलकेनीला परत नेला. हार्टी कपाची गोष्ट मात्र निराळी झाली. आर्चबिशप हार्टी कॅशेलचे, आर्चबिशप क्रोक कॅशेलचे, पण त्या कॅशेल गावच्या शाळेने शतकभरात हार्टी कप एकदाही जिंकला नव्हता. फेब्रुवारी २०२३ मध्ये कॅशेल कम्युनिटी स्कूलने थर्लसच्या ख्रिश्चन ब्रदर्सच्या शाळेला हरवून तो पहिल्यांदा आपल्या गावी नेला.